आभाराचं पान

एकशे चौऱ्याहत्तर पानं बाबांनी दोन दिवसांत हातावेगळी केली होती. आणि आता वीस मिनिटं ते एकाच पानावर अडले होते.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती लॅपटॉप उघडून बसली होती. प्रबंधाची अंतिम प्रत पाच वाजेपर्यंत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायची होती. साडेतीन झाले होते. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर घर चालवलेला माणूस. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण "स्वल्पविराम बघायला कॉम्प्युटर कशाला कळायला हवा?" असं म्हणून त्यांनी आपणहून हे गठ्ठ्याचं काम मागून घेतलं होतं.

"एवढं काय सापडलं, बाबा?"

"थांब जरा."

लाल पेन हातात होतं, पण टोपण लावलेलं. मान उंचावून तिने पान उलट्या बाजूने वाचलं. वर मथळा होता : ऋणनिर्देश.

तिच्या लॅबमध्ये प्रबंधाची फाइल वारशाने मिळायची. बाहेर पडणारा आपलं सगळं फोल्डर मागच्याच्या हवाली करी : समास-मथळे बसवलेला साचा, आलेख काढणारे प्रोग्रॅम, संदर्भांची यादी आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, 'निष्कर्षात फुशारकी मारू नये' असल्या चार सूचना. आधीच्याचा मजकूर पुसायचा, आपला भरायचा. तिला ते तिच्या आधी बाहेर पडलेल्या लांबूकडून मिळालं होतं. लांबूचा मजकूर तिने प्रकरणामागून प्रकरण पुसला होता. आभार तेवढे शेवटी लिहू म्हणून राहिले होते. सगळ्यांचेच शेवटी राहतात.

म्हणजे पान लांबूचं होतं, आणि पानावरचे वडीलही लांबूचेच.

'माझ्या वडिलांना. मी हे शिक्षण घ्यावं, हा हट्ट त्यांचाच. प्रबंध कधी संपणार, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. प्रयोग फसला की रोज फोनवर ते सगळं शांतपणे ऐकून घेत.'

तिच्या वडिलांनी सहा वर्षं दर रविवारी विचारलं होतं. शाळेतली कायमची नोकरी सोडून ती संशोधनाकडे वळली, तेव्हा तर चार महिने ते तिच्याशी बोललेच नव्हते. फोन आईच घ्यायची आणि "बरे आहेत" म्हणायची.

"बाबा, ते पान ना—"

"माझ्याबद्दल लिहिलंयस," ते म्हणाले. हा आवाज तिने लहानपणी तापात ऐकला होता, त्यानंतर नाही. "मला वाटलं होतं, तू माझं नावसुद्धा काढणार नाहीस."

चुकून राहिलं, बाबा. एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"चहा टाकते," ती म्हणाली.

ओट्यापाशी ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. दुधाकडे इतकं लक्ष देऊन तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. मागे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. मग कागदावर पेन ओढल्याचा; एकदा, पुन्हा, आणि पुन्हा. लांबलचक. स्वल्पविरामाला इतका वेळ लागत नाही.

ती कप घेऊन आली तेव्हा पान तिच्या बाजूला वळवून ठेवलेलं होतं. एकेका वाक्यावर पट्टी लावून मारावी तशी लाल रेघ. वर फक्त 'माझ्या वडिलांना' एवढं शिल्लक.

"हे काय केलंत?"

"खोटं आहे ते. आम्ही जाऊ देत नसतो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. "दर रविवारी विचारलंय मी. तू विसरली असशील."

"नाही विसरले."

"हं. मग?"

तिने कप टेबलावर ठेवला. बाबांनी कप उचलला, दारापर्यंत गेले, थांबले.

"साखर विसरलीस," ते म्हणाले. "असू दे. पाचला अवकाश आहे अजून."

ते बाहेर गेल्यावर तिने पान जवळ ओढलं. समासात, पहिल्या खोडलेल्या ओळीसमोर, त्यांच्या बारीक नेटक्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मजकूर लेखकाचा स्वतःचा वाटत नसला, की ते प्रुफावर लिहीत असत तेच.

'मूळ प्रत पाहावी.'