वर्गशिक्षकांची साक्ष

"लहानपणी वर्गात ही जागेवर बसायची का?" डॉक्टरांनी विचारलं. हातात छापील प्रश्नावली. वयाने त्या आप्पांच्या लेकीपेक्षाही लहान.

"बसायची," आप्पा म्हणाले. "अगदी व्यवस्थित."

लेकीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळिशी ओलांडलेली बाई, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. महिन्यापूर्वी तिच्या हातून दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. तिच्याच वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. पण "आधी डॉक्टरला दाखवा, मगच कामावर या," असं साहेबांनी बजावलं. डॉक्टरांना एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराची, शंका आली. तो असला तर लहानपणापासून असतो, तेव्हा त्या वयात तुम्हाला पाहिलेलं माणूस घेऊन या, म्हणाल्या. आई आता नव्हती. उरले आप्पा. वडील तर होतेच, तिसरी-चौथीला तिचे वर्गशिक्षकही होते.

"वस्तू हरवायची?"

"नाही."

"कुणी बोलत असताना मध्येच बोलायची?"

"माझ्या वर्गात? काय टाप होती कुणाची!"

डॉक्टर खुणा करत गेल्या. सगळ्या एकाच रकान्यात. लेक त्या खुणा बघत होती. म्हणजे आजार वगैरे काही नाहीच. आजवर सगळे म्हणत आले तेच खरं. वेंधळी. धांदरट. कामचुकार.

"आप्पा," ती म्हणाली, "मी खरंच जागेवर बसायचे?"

"बसायचीस की. मी बसवायचो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कसं बसवायचात?"

आप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"दप्तराच्या पट्ट्याने," ते म्हणाले. "बाकाला. मास्तरची पोर म्हणून सूट मिळते, असं कुणी म्हणायला नको होतं."

पट्टा लेकीच्या लक्षात होता. त्यांच्याही असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. चौतीस वर्षांत दोघांनी तो विषय काढला नव्हता.

"आणि वस्तू?" डॉक्टरांनी हलकेच विचारलं.

"हरवायला हातात काही ठेवतच नव्हतो. पेन्सिल दोऱ्याने गळ्यात बांधलेली. दप्तर रोज मी भरायचो."

"मध्ये बोलली तर?"

"दाराबाहेर."

डॉक्टरांनी पहिलं पान उलटून काढलं आणि एकेका खुणेवर काट मारत नव्या खुणा केल्या. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "एडीएचडीच आहे. उपचार आहेत याला."

आप्पांना उपचारांचं ऐकूच गेलं नसावं. "म्हणजे ही मुद्दाम करत नव्हती?"

"नाही, काका. जमत नव्हतं तिला."

रोज सकाळी एक गोळी, दोन आठवड्यांनी पुन्हा भेट, आणि साहेबांसाठी कामावर घ्यायला हरकत नसल्याचं पत्र. लेकीने पत्र दोनदा वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती सपाटून भूक.

औषधाच्या दुकानातून ती बाहेर आली, तेव्हा आप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. ओठ हलत होते. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मिटवत होते, मिटवून झाली की पुन्हा उघडत होते.

"काय मोजताय, आप्पा?"

"पोरं," ते म्हणाले. "दाराबाहेर उभी केलेली."

"चला आता घरी. मला भूक लागलीय."

"तू हो पुढे," वर न बघता आप्पा म्हणाले. "मी अजून पहिल्याच शाळेत आहे."