खिशातला हात

दिवसभर मशीनपाशी उभा राहून तो थेट सभागृहात आला आणि शेवटच्या खुर्चीत त्याने अंग टाकलं. उजवा हात सवयीने खिशातच होता. कारखान्यात त्या हाताचा पंजा गेल्यापासून तो समारंभ टाळायचा. लोक हात मिळवायला यायचे, मग ओशाळायचे. लेक दरवर्षी स्काउटच्या मेळाव्याला बोलवायची, तो ओव्हरटाइमचं निमित्त सांगायचा. आज मात्र तिला स्काउटमधला सर्वोच्च पुरस्कार होता. पालकांनाही मंचावर बोलावलं, तसा तो पाय ओढत वर गेला. प्रमुख पाहुण्यांनी डावा हात पुढे केला. मागोमाग स्काउटमास्तरांनीही डावाच. म्हणजे इथेही कीवच! “सगळ्यांना सांगून ठेवलंस होय माझं?” तो लेकीच्या कानाशी पुटपुटला. “कुणालाच नाही, बाबा. सगळे स्काउट डाव्या हातानेच हात मिळवतात.” तिने आपलाही डावा हात पुढे केला. “हेच दाखवायला तर दरवर्षी बोलवत होते.”