शेजारचं बेट

खारूताईने आज एकही झाड लावलं नव्हतं. मास्तरांनी तिच्या बेटाभोवती होडीतून दोन चकरा मारल्या, तिच्या कोंबड्यांना दाणे टाकले आणि शेवटी न राहवून लिहिलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

पोटच्या लेकीला 'तुम्ही' म्हणताना त्यांचा अंगठा अजूनही अडखळायचा. पण इलाज नव्हता. मोबाईलवरच्या या खेळात मास्तर तिचे शेजारी होते, 'वाटसरू' या नावाने. वाटसरू कोण हे तिला कळतं, तर तिने त्याच मिनिटाला बेट गुंडाळलं असतं.

जावई मास्तरांना पहिल्यापासून पसंत नव्हता आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून लेक फोन करायची तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढं तिने विचारल्याचं कळलं तरी मास्तरांचा दिवस चांगला जायचा. लग्नाआधीच्या सुट्टीत ती दिवसभर या खेळात डोकं घालून बसायची आणि मास्तर तिच्यावर खेकसायचे. पडद्यावरचं 'खारूताई' हे नाव मात्र त्यांच्या डोक्यात राहून गेलं. यंदा शाळेला सुट्टी लागताच त्यांनी गुपचूप खेळ उतरवून घेतला आणि शोधून शोधून तिच्या शेजारचं बेट मिळवलं. भूगोल शिकवण्यात हयात गेली, पण माणूस बेटावर गेला तो असा.

घरात याचा कुणाला पत्ता नव्हता. दुपारचं जेवण झालं की ते बाहेरच्या खोलीत मोठ्या आवाजात बातम्या लावून बसत. बायकोला वाटावं, हे देशाची काळजी करतायत. बायको आतल्या खोलीत, लेकीने जाताना दिलेल्या जुन्या मोबाईलवर गाणी ऐकत पडलेली असे. मधूनच तिथून ती काहीतरी विचारी. मास्तर "हो हो" म्हणत. इतकी वर्षं त्या 'हो हो'वर संसार बरा चालला होता.

खारूताईशी गप्पा साध्याच व्हायच्या. उकाडा, निवडणूक, पाणीकपात. बोलायला ती मोठी फटकळ. "टीव्हीवर भांडणाऱ्या सगळ्यांना एकदा भांडी घासायला बसवा, देश आपोआप सुधारेल," असं तिने परवा लिहिलं होतं आणि मास्तर एकटेच खो खो हसले होते. शेवटी रक्त आपलंच, असं त्यांना वाटलं होतं.

आज मात्र उत्तर यायला वेळ लागला.

"तब्येत ठीक आहे. मन नाही. सुट्टीत समुद्रावर जाऊ म्हणून कधीपासून घोकतेय. नवऱ्याच्या कानात शिरतच नाही. घरात असतो, पण समोर टीव्ही आणि हातात मोबाईल. मी इथे मरून पडले तरी जाहिरात लागेपर्यंत त्याला कळायचं नाही."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी सांगत होतो! आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी त्यांना गुदगुल्याही झाल्या.

"एकदा नीट बसवून सांगा त्याला," त्यांनी लिहिलं. आपण किती समजूतदारपणे घेतोय, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

"सांगून सांगून जीभ झिजली."

"मग असल्या माणसाजवळ राहता कशाला?"

टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडत होती.

"निघाले तर लोक काय म्हणतील?"

"लोक दोन दिवस बोलतील आणि गप्प बसतील. तुम्ही किती वर्षं गप्प बसणार?"

"तेही खरंच. तसं एक घर आहे माझ्यासाठी. कधीही गेले तरी तिथलं दार उघडंच असेल."

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकं तोडून बोललो तरी पोरीचा आपल्यावर एवढा विश्वास! त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "मग विचार कसला करताय? बॅग भरा. उद्याच निघा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी लेकीची खोली आवरायला काढली. पंख्याची धूळ पुसली, पलंग खिडकीजवळ सरकवला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आज हे काय मध्येच?"

"काही नाही. असू दे खोली तयार."

ती आणखी काहीतरी म्हणाली, पण मास्तर कपाटात डोकं घालून चांगली चादर शोधत होते. यावेळी जावयाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. आधी पोरीची माफी मागायची. ती घरात आली की खेळाचंही सांगून टाकायचं. हसेल, चिडेल, पण बोलेल तरी.

दुपारी सवयीने टीव्ही लावून ते मोबाईल हातात घेऊन बसले. खारूताईच्या बेटावर सामसूम होती. म्हणजे वाटेत असणार.

बायको बाहेर आली. चांगली साडी, पायात चप्पल, हातात कसलीशी बॅग. मास्तरांना मनातल्या मनात हसू आलं. मायलेकींचं फोनवर सगळं ठरलेलं दिसतंय, ही चालली तिला आणायला, आणि बाजारहाटही करून येणार.

"मी निघते हो," ती म्हणाली.

"हो हो," मास्तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "सावकाश जा."

ती क्षणभर तिथेच थांबली. मग दार लागल्याचा आवाज झाला.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, उशी सारखी केली, पुन्हा बसले. थोड्या वेळाने मोबाईल वाजला. खारूताईचंच होतं.

"निघाले एकदाची. लेकीकडे चाललेय, आता तिथेच राहीन. तुम्ही नसतात तर धीर झाला नसता. नवऱ्याला तोंडावर सांगून निघाले. 'हो हो, सावकाश जा' म्हणाला."