भरतीची वेळ

हितेशनं ओट्याचा खांब दोन्ही हातांनी धरला, पायांची अढी घातली. तोंड लालबुंद. सहावं लागलेलं पोरगं, पण त्याच्या आईला, हेमांगीला, ते खांबावरून सोडवेना.

"कुंथतोय बिचारा," शेजारीण म्हणाली.

कुंथत नव्हता. शी धरून ठेवत होता.

डहाणूच्या डॉक्टरबाईंनी पोट तपासून हेच सांगितलं होतं. आजार काही नाही. धरली की घट्ट होते, घट्ट झाली की दुखते, दुखली की पोर अजून धरतं. शी मऊ करायला त्यांनी गोड पातळ औषध दिलं. सोबत पुड्या दिल्या. पोटातले चांगले जंतू आणि त्या जंतूंचं खाणं, एकाच पुडीत. जंतूंनाही डबा बांधून देतात हे ऐकून हेमांगीला हसू आलं होतं. पण तिनं औषध एकदाही चुकवलं नाही. पुडी गरम पेजेत घालायची नाही म्हटल्यावर ताकात घातली. जेवल्यावर पोराला संडासात बसवा, असंही बाई म्हणाल्या होत्या. तिथेच घोडं अडलं.

शी मऊ झाली, पण हितेश सोडेना. चड्डी खराब व्हायला लागली. बालवाडीतून घरी पाठवलं, पोरं बाजूला बसेनात. जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. हेमांगीला रडू यायचं, आणि रडू आलं की ती त्याच्यावरच ओरडायची.

पुढच्या खेपेला प्रविणही दवाखान्यात आला. मासेमारीच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला होतं, म्हणून बाप सापडला.

"अजून दुखतं का रे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाय."

"मग जात का नाहीस?"

हितेशनं बापाचा शर्ट मुठीत पकडला. "मी आत बसलो का बाबा बोटीवर जातो."

हेमांगी आणि प्रविणनं एकमेकांकडे बघायचं टाळलं. बोट निघताना पोर मागे रडलेलं त्यांच्या घरात चालत नाही, अपशकुन मानतात, आणि हितेश तर भोकाड पसरायचा. म्हणून भरती आली की हेमांगी सांगायची, "जा बाळा, संडासाला जाऊन ये." तो बाहेर येईपर्यंत खुंटीवरची बापाची पिशवी गेलेली असायची. मग आठवडाभर बाप नसायचा. ही युक्ती दोघांना फार हुशारीची वाटली होती.

डॉक्टरबाईंनी औषध तेच ठेवलं. "हे बंद करू नका. आणि निघताना पोराला सांगून निघा."

"रडला तर?" हेमांगीनं विचारलं.

"रडू दे."

बाईंना काय, त्यांची कुठे बोट होती.

इंजिन दुरुस्त झालं. भरती आली. प्रविणनं खुंटीवरची पिशवी काढली आणि पोरासमोर उकिडवा बसला. "हितेश, मी येतो रे."

हेमांगीनं देवाचं नाव घेतलं. पोराचा ओठ खाली वळला, थरथरला. मग त्यानं पोटावर हात ठेवला.

"बाबा, थांबशील?"

"कशाला?"

"मला लागलीय."

चिंचणीच्या खाडीवरून बोट चालवणाऱ्या तांडेल नारूची हाक आली. भरतीचं पाणी उतरायला लागलं होतं, उशीर झाला तर बोट गाळात अडकणार होती. प्रविणनं पिशवी खाली ठेवली, संडासाच्या दारासमोर मांडी घातली आणि घसा खरवडून ओरडला, "नारूदादा, बोट थांबव! पोरगा बसलाय!"