प्रार्थनापत्रातली थोको

फोटोत पाच वर्षांची थोको हसत होती, पण तिच्या तळहातावरच्या रेषाही फिकट होत्या. हिमोग्लोबिन फारच खाली गेलं की असं होतं. मलावीतल्या मिशनच्या दवाखान्यात एस्तेरनेच तिचं रक्त तपासलं होतं. दुसऱ्या दिवशी थोको गेली.

नगरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना जाणाऱ्या प्रार्थनापत्रात एस्तेरच्या पास्टर नवऱ्याने या फोटोखाली छापलं होतं, ‘तुमच्या प्रार्थनांनी ही मुलगी बरी झाली.’

“अहो, हिच्या मातीला शास्त्रपाठ तुम्हीच वाचलात.”

“तिकडे लोक उपास धरून प्रार्थना करतात. त्यांना काय मेलेलं पोर दाखवू? आणि तुझ्या रक्ततपासणीच्या काचपट्ट्यांनी तरी कुठं वाचवलं तिला?”

अशी दोन पत्रं तिने आधी मुकाट गिळली होती. नगरला परत जायचं ती दर नाताळला ठरवायची आणि पुढे ढकलायची. पण या पत्राखाली त्याने तिचंही नाव छापलं होतं, आणि तिने आयुष्यात एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नव्हती.

“मी नगरला परत जाते,” ती म्हणाली. “तुम्ही या, नाहीतर राहा. थोको कोणत्या तारखेला वारली, ते मी प्रत्येक मंडळीत उभं राहून सांगणार आहे.”