हळदीतून आलेली ओ

आकांक्षा, हसू नको, आधी पुरं ऐक. कोड मीच लिहिलाय, त्याच्यात काय हाय ते मला बराबर माहीत हाय.

बाबांचा दमा वाढला, तरी रानडुकरांपायी रातभर हळदीत जागलीला जायचे. त्यांची ही तकलीफ सुटावी म्हणून मी यंत्र बनवलं. समोर काही हललं की सेन्सरला कळणार आन् भोंग्यातून बाबांचा आवाज निघणार, "कोन हाय रे तिकडं?" एवढंच रेकॉर्ड केलं. दुसरी फाइलच न्हाई त्याच्यात.

काल दुपारी ते शेतात बसवलं, भोंगा बाभळीला टांगला. बाबा लई खूश. "चला, आता माझ्या बदली हे वरडंल," म्हणले. मग आमी दोघं बाभळीखाली जेवायला बसलो. आई आमच्याकडं पाठ करून घागरीतून पानी काढून राहिली होती.

भोंगा वरडला, "कोन हाय रे तिकडं?"

वारं न्हाई, काही न्हाई. आन् समोर, हळदीच्या आतून उत्तर आलं.

"मी हाय."

आवाज बाबांचाच. आन् बाबा माझ्या बाजूला, तोंडात घास! भोंगा तर आमच्या डोक्यावर!

मी बाबांकडं पाहिलं. ते चावायचे थांबले होते. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

आईनं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई. बाबाच हळदीत गेलेत असं समजून, रोजच्यासारखं म्हणली, "मग या की जेवायला. भाकर गार होऊन राहिली."

हळदीची पानं बाजूला होऊ लागली, सरळ आमच्या दिशेनं.