पाचटातली वावटळ

"मामा, वारं फिरलंय. ऱ्हाऊ दे आज," क्रांती बांधावरून ओरडली.

"निम्मं पेटलं की गं! आता काय फुंकून विझवू?" म्हातारा आकाराम पेटता चूड घेऊन तसाच पुढं गेला. सुनेचं ऐकायची त्याला सवय नव्हती.

कसबा बावड्याच्या त्या रानातला ऊस तुटून गेला होता. भर दुपारी वाळलेलं पाचट तडतडत होतं, जाळ अजून तरी सरळ वर जात होता. तेवढ्यात नदीकडनं वाऱ्याचा एक झोत आला, रस्त्याकडनं दुसरा. दोन्ही जाळाला भिडले. धुराला पीळ पडला, तो उंच झाला आणि जागेवरच गरगरायला लागला. खालचं जळतं पाचट त्यानं वर ओढून घेतलं. बघता बघता दुमजली घराएवढा आगीचा खांब रानातून चालू लागला.

आकारामचा पाय सरीत मुरगळला आणि तो आडवा झाला. खांब त्याच्याकडंच वळला.

क्रांतीनं पाटात पोतं बुचकळलं, डोक्यावर घेतलं आणि पळत सुटली. "मामा! ओ मामा!" त्या घोंघावण्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. धुरानं आंधळा झालेला म्हातारा जाळाच्याच दिशेनं रांगत होता.

"आकाराम!" ती गळा फाडून ओरडली. "ए आकाराम! हिकडं!"

त्याची मान गर्रकन वळली. तिनं त्याचा दंड धरला, जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात त्याला ओढलं आणि दोघांवर पोतं घेतलं. तोवर वावटळ डोक्यावर आलीच.

कानाला दडे बसले. श्वास आत येईना. छातीत होता तोही कुणीतरी उपसून नेला. पोतं हातातनं सुटलं आणि सरळ वर गेलं. राख, ढेकळं, ठिणग्या, सगळं गोल गोल; चहूकडं लाल-काळी भिंत. आणि थेट वर, ताटलीएवढं निळं आभाळ. तिनं म्हाताऱ्याचं डोकं पोटाशी दाबून धरलं.

मग एकदम हवा आली. वावटळ रस्त्यावर जाऊन मोडली होती. डांबरावर नुसती राख उरली.

दोघं खोकत बसले. खोकला ओसरल्यावर आकारामनं विचारलं, "नाव घेतलंस व्हय गं माझं?"

तिनं मान खाली घातली. "मामा म्हणून लई हाका मारल्या..."

तिच्या केसांत एक काडी अजून लाल होती. म्हाताऱ्यानं ती चिमटीत धरली आणि तिथंच चुरगळली.

"त्या न्हाई ऐकू आल्या," तो म्हणाला.